मौलाना हुसैन अहमद मदनी कोण होते? आणि मुसलमानांमध्ये 'देशाचा धर्मगुरू' असं पद असतं का?

खारेगावकर_ताई:

नमस्कार मंडळी, इथे इतिहासातले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. आम्ही कळव्याला राहतो, खारेगावात. सासरे मागच्या वर्षी गेले. पोस्टात होते आयुष्यभर आणि तिकिटं जमवायचा नाद होता, सात मोठे अल्बम आहेत घरात, पावसाळ्याआधी ते सगळे उन्हं दाखवायला काढले तेव्हा लेकीला (नववीला आहे) त्यात एक तिकीट सापडलं, २०१३ सालचं, रेशमी पत्र चळवळीचं. त्याच्या बाजूच्या पांढऱ्या जागेत बाबांनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, "देवबंद - माल्टा - कराची खटला - मदनी आणि शंकराचार्य एकाच पिंजऱ्यात. १९३८ इक्बालशी वाद." एवढंच. आणि खाली एक ओळ उर्दूत, ती कुणाकडून तरी लिहून घेतलेली दिसते कारण अक्षर बाबांचं नाही.

आता लेकीने मला प्रश्न विचारून विचारून हैराण केलंय आणि मला खरंच काही माहीत नाही. टीव्हीवर "मौलाना मदनी म्हणाले" असं ऐकू येतं पण ते तर आत्ताचे आहेत, आणि तेही कधी एक दिसतात कधी दुसरेच, म्हणजे मदनी हे आडनाव आहे की पदवी? आणि शंकराचार्य त्यांच्याबरोबर पिंजऱ्यात कसे? शिवाय माझा एक अगदी बेसिक प्रश्न, आपल्याकडे पीठं असतात, ख्रिश्चनांमध्ये पोप असतात, तसं मुसलमानांमध्ये अख्ख्या देशाचा एक धर्मगुरू असतो का? त्याला कोण निवडतं, त्याचं काम काय असतं? सासरे असते तर त्यांनीच दोन तास बसून सांगितलं असतं. त्यांनी एवढं जपून लिहून ठेवलंय म्हणजे त्यांना ते महत्त्वाचं वाटलं असणार, म्हणून मला नीट समजून घ्यायचंय. राजकीय भांडण नको प्लीज.

---

नेरुळचा_मास्तर:

ताई, तुमच्या सासऱ्यांनी पाच-सहा शब्दांत पन्नास वर्षांचा इतिहास बसवलाय. मी इतिहास शिकवला ३१ वर्षं, आता रिटायर आहे. त्यांच्याच क्रमाने जातो, लांब होईल पण लेकीला वाचायला द्या.

देवबंद म्हणजे उत्तर प्रदेशातलं सहारनपूर जिल्ह्यातलं गाव. १८५७ चा उठाव चिरडला गेला, दिल्लीचे मदरसे उद्ध्वस्त झाले, त्यानंतर १८६६ मध्ये तिथे दारुल उलूम सुरू झालं, एका मशिदीच्या अंगणात, डाळिंबाच्या झाडाखाली, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. सरकारी पैसा घ्यायचा नाही, लोकांच्या वर्गणीवर चालवायचं असं ठरलेलं. तो पहिला विद्यार्थी म्हणजे महमूद हसन, पुढे तिथलेच मुख्य शिक्षक झाले, त्यांना लोक शेखुल हिंद (हिंदुस्थानचे शेख) म्हणायला लागले. आणि हुसैन अहमद हे त्यांचे विद्यार्थी, जन्म १८७९, उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊचा. शिक्षण संपता संपता वडील सगळं कुटुंब घेऊन मदिनेला जाऊन राहिले, तर हेही गेले, आणि तिथे पैगंबरांच्या मशिदीत त्यांनी कितीतरी वर्षं हदीस (पैगंबरांची वचनं आणि आठवणी) शिकवली. मदिनेत राहिलेले म्हणून मदनी. म्हणजे आधी ते गावावरून पडलेलं नाव होतं, आता घराण्याचं आडनाव झालंय, जसं आपलं पुणेकर सातारकर होतं तसंच.

आता रेशमी पत्र. पहिलं महायुद्ध चालू होतं. महमूद हसन यांचे शिष्य उबेदुल्ला सिंधी काबूलला गेले होते, तिथे १ डिसेंबर १९१५ ला भारताचं हंगामी सरकार स्थापन झालं, अध्यक्ष राजा महेंद्र प्रताप, पंतप्रधान बरकतुल्ला, आणि हे सिंधी गृहमंत्री. एक हिंदू राजा, एक भोपाळचा क्रांतिकारक, एक शीख घरात जन्मून मुसलमान झालेला मौलवी. १९१६ च्या जुलैत सिंधींनी पिवळ्या रेशमी कापडाच्या तुकड्यांवर इंग्रज राज्य उलथवायची योजना लिहून ती महमूद हसन यांना पोचवायला पाठवली, ते तेव्हा मक्का-मदिनेकडे होते. रेशीम अशासाठी की अंगरख्याच्या अस्तरात शिवता येतं, चुरगळलं तरी आवाज होत नाही. पण वाटेत ती पत्रं मुलतानच्या एका खानबहादुराच्या हातात गेली आणि त्याने इंग्रज अधिकाऱ्याला दिली. झालं, सगळी योजना उघडी पडली.

त्याच वर्षी मक्केच्या शरीफने (तिथल्या कारभाऱ्याचं हे पद) इंग्रजांच्या मदतीने तुर्कांविरुद्ध बंड केलं होतं. महमूद हसन यांच्यासमोर तुर्कांविरुद्धचा फतवा सहीसाठी आला, त्यांनी सही केली नाही. मग अटक, तिथून इजिप्त, तिथून माल्टा. भूमध्य समुद्रातलं बेट, युद्धकैद्यांची छावणी. मदनी त्यांच्याबरोबर होते. वय तेव्हा ३७, गुरू साठी ओलांडलेले. तीन वर्षांहून जास्त काळ माल्ट्यात काढला, त्यांच्यातले एक हकीम तर तिथेच वारले. त्या मुक्कामात मदनींनी अख्खं कुराण पाठ केलं. एक गोष्ट त्यांच्या परंपरेत नेहमी सांगितली जाते की हिवाळ्यात गुरूला पहाटे वजूसाठी (नमाजाआधी हातपाय धुणं) पाणी बर्फासारखं गार मिळायचं, म्हणून हे पाण्याचं भांडं रात्रभर पोटाशी धरून झोपायचे, अंगाच्या उबेने पाणी जरा कोमट व्हावं म्हणून. पुरावा मागायला जाऊ नये अशा काही गोष्टी असतात, पण गुरुशिष्य कसे होते ते त्यावरून कळतं. जून १९२० मध्ये ही मंडळी सुटून जहाजाने उतरली ती आपल्या मुंबईतच, आणि बंदरावर खिलाफत चळवळीच्या लोकांनी त्यांचं मोठं स्वागत केलं. महमूद हसन त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला वारले. पण त्याच्या महिनाभर आधी, एवढे आजारी असताना, अलीगढला जामिया मिलियाच्या स्थापनेला हजर होते, भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं.

आता शंकराचार्य. जुलै १९२१, कराचीला खिलाफत परिषद. ठराव झाला की इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणं मुसलमानाला धर्माने निषिद्ध आहे. सरकारने खटला भरला, कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये, आरोपी सात. मौलाना मोहम्मद अली, शौकत अली, डॉ. सैफुद्दीन किचलू, मौलाना हुसैन अहमद मदनी, आणखी दोन मौलवी-पीर, आणि सातवे शारदा पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. हेच पुढे पुरीचे शंकराचार्य झाले, आणि आज ठाण्यात गल्लोगल्ली ज्या वैदिक गणिताचे क्लासेस दिसतात ते वैदिक गणित ज्यांच्या नावावर आहे तेच हे स्वामी. लेकीला हे नक्की सांगा, ती त्या क्लासला जात असेल तर तिला मजा वाटेल. शंकराचार्य निर्दोष सुटले, बाकी सहा जणांना दोन दोन वर्षं सक्तमजुरी. मदनींनी कोर्टात ठराव नाकारला नाही की शब्द फिरवले नाहीत, उलट कुराण-हदीसचे दाखले देत सांगितलं की हा माझ्या धर्माचा हुकूम आहे आणि धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं राणी व्हिक्टोरियाने १८५८ च्या जाहीरनाम्यात कबूल केलेलं आहे. मला या माणसाबद्दल जो आदर आहे तो इथून सुरू होतो.

१९३८ बद्दल संध्याकाळी लिहितो, आत्ता नातवाला आणायला जायचंय.

---

कौसा_शिक्षिका:

सलाम ताई. मी कौशाला राहते, मुंब्र्याच्या पुढे, तुमच्या खारेगावपासून रिक्षाने फार लांब नाही. प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठीच बोलतो, आमच्या बोलीतली. मास्तर सरांनी इतिहास इतका छान सांगितलाय की मी फक्त तुमच्या 'बेसिक' प्रश्नाचं उत्तर देते कारण तो प्रश्न मला शाळेत स्टाफरूममध्येही खूपदा विचारतात.

इस्लाममध्ये, म्हणजे सुन्नींमध्ये तरी, पोप नाही. दीक्षा नाही, पीठ नाही, बढती नाही. मशिदीत पुढे उभं राहून नमाज पढवतो तो इमाम, त्याला मोहल्ल्याची कमिटी नेमते आणि पगार देते, बऱ्याचदा फार थोडा. मदरशात पूर्ण अभ्यासक्रम केला की माणूस आलिम होतो (अनेक असले की उलेमा), त्याला आपण मौलाना म्हणतो. त्यापुढे अजून शिकून जो प्रश्नाला शरियतप्रमाणे उत्तर देतो तो मुफ्ती, आणि त्याचं उत्तर म्हणजे फतवा. फतवा म्हणजे टीव्हीवाले सांगतात तसा हुकूम नाही हो, तो सल्ला आहे, विचारणाऱ्याने विचारला म्हणून दिलेला. आमच्या बाजूला लोक विचारतात ते काय तर, फ्लॅटसाठी बँकेचं कर्ज घेतलं तर चालेल का, आजारी माणसाने रोजा सोडला तर नंतर काय करायचं, आईच्या दागिन्यांवर जकात (धर्माने सांगितलेलं वार्षिक दान) किती. काझी निकाह लावतो, नवराबायकोचं बिनसलं तर दोघांना बसवून बोलतो. काही देशांत सरकार ग्रँड मुफ्ती नेमतं, इजिप्तमध्ये आहे, सौदीत आहे. आपल्याकडे सरकारने नेमलेला असा कुणी नाही.

मग 'राष्ट्रीय' कोण होतो? ज्याला लोक मानतात तो. बस. आणि लोक मानतात ते दोन गोष्टींवरून, त्याने किती जणांना शिकवलं आणि तो वेळ आली तेव्हा कुठे उभा राहिला. मदनीसाहेब १९२७ ला देवबंदचे मुख्य शिक्षक झाले ते १९५७ ला वारले तोपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, आणि दरवर्षी शेवटच्या वर्गाला बुखारी आणि तिर्मिजी (हदीसचे ग्रंथ) तेच शिकवायचे. तीस वर्षांत हजारो मुलं, बंगाल, आसाम, अफगाणिस्तान, गुजरात, बिहारची, ती आपापल्या गावी जाऊन मशिदीत मदरशात बसली. एका माणसाचा आवाज देशभर पोचायला तेव्हा याहून मोठं साधन नव्हतं.

माझे आजोबा (आईचे वडील) भिवंडीचे, ते देवबंदला काही काळ होते विद्यार्थी म्हणून. ते सांगायचे की मौलाना दौऱ्यावरून रात्री उतरले तरी सामान ठेवून थेट वर्गात यायचे आणि मग बुखारीचा धडा मध्यरात्रीपर्यंत चालायचा, मुलं पेंगली तर रागावायचे नाहीत. खादीच घालायचे, कायम. आणि जेवणाची गोष्ट तर आजोबा शंभरदा सांगायचे, एकच मोठं ताट मध्ये, भोवती सगळे बसलेले, त्यात कोण हमाल कोण जमीनदार विचारायचं नाही, मौलाना स्वतः पाहुण्यांच्या पुढ्यात बोटी (मटणाचे तुकडे) सरकवायचे. आजोबा आम्हाला जेवायला बसवायचे तेव्हा तसंच करायचे, ते मला अजून दिसतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळे मुसलमान त्यांना आपलं मानतात असं नाही. आम्ही कोकणी लोक शाफई, देवबंदवाले हनफी, हा मसलकचा (धर्मकायद्याच्या शाखेचा) फरक नमाजातही दिसतो. बरेलवी पंथाचे लोक, जे दर्ग्यांना मानतात, आपल्या कल्याणच्या हाजी मलंगला जाणारे, त्यांचे आपले वेगळे मोठे उलेमा आहेत. शिया, बोहरी, इस्माइली यांचं तर सगळंच वेगळं, बोहऱ्यांमध्ये सय्यदना म्हणून एक प्रमुख असतात, तिथे मात्र तुमच्या पीठासारखी एक गादी आहे. मुंब्र्यात एका रस्त्यावर हे सगळे प्रकार सापडतात. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून लोक उठून इथे आले ते कोकणी नाहीत, यूपी-बिहारचे, मालेगावचे, सगळीकडचे. त्यामुळे बातमीत "मुसलमानांचे धर्मगुरू" असं एकच वाक्य येतं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कोणत्या?

आणि टीव्हीवरचे दोन मदनी. हुसैन अहमद साहेब जमियत उलेमा-ए-हिंद या संघटनेचे १९४० पासून अध्यक्ष होते. पुढे त्यांचे चिरंजीव असद मदनी हे १९७३ पासून बरीच वर्षं अध्यक्ष, ते २००६ ला वारले. मग संघटनेचे दोन भाग झाले, एकाचे अर्शद मदनी (हेही हुसैन अहमद साहेबांचेच चिरंजीव) आणि दुसऱ्याचे महमूद मदनी (नातू). काका-पुतण्या. म्हणून तुम्हाला कधी एक दिसतात कधी दुसरे.

---

नेरुळचा_मास्तर:

कौशाच्या ताईंनी फतव्याबद्दल लिहिलं ते फार बरं झालं.

आता १९३८. जानेवारीत दिल्लीला एका सभेत मदनी बोलले की हल्लीच्या काळात कौमा वतनावरून बनतात. म्हणजे राष्ट्र मायभूमीवरून ठरतं, धर्मावरून किंवा वंशावरून नाही. परदेशात गेलात तर तुम्हाला हिंदी म्हणूनच ओळखतात, मग हिंदू असा, मुसलमान असा, शीख असा. साधं वाक्य, पण त्या वेळच्या वातावरणात बॉम्ब पडल्यासारखं झालं. 'सारे जहाँ से अच्छा' लिहिणारे इक्बाल तोपर्यंत पूर्ण बदललेले होते, त्यांनी फारसीत तीन शेरांची जळजळीत टीका लिहिली, देवबंदच्या हुसैन अहमदला पैगंबर कळलेच नाहीत अशा अर्थाची. पत्रापत्री झाली, मदनींनी खुलासा केला की मी आजची वस्तुस्थिती सांगत होतो, इक्बालांनी मार्चमध्ये जाहीर केलं की मग माझा आक्षेप राहत नाही, आणि २१ एप्रिलला ते वारले. पण त्या ओळी त्यांच्या मरणोत्तर संग्रहात तशाच छापल्या गेल्या आणि मदनींना आयुष्यभर त्या ऐकवल्या गेल्या.

मदनी मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनी 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' हे पुस्तकच लिहिलं. आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं, की त्यांनी एकत्र राष्ट्राची बाजू धर्म बाजूला ठेवून मांडली नाही, धर्माच्या आतूनच मांडली. त्यांचं म्हणणं, कुराणात प्रत्येक पैगंबर आपल्या लोकांना 'या कौमी', 'हे माझ्या कौमेच्या लोकांनो' अशी हाक मारतो, आणि ते लोक तर त्याचा धर्म न मानणारे आहेत. म्हणजे कौम एक आणि धर्म वेगळा, हे कुराणालाच मान्य. धर्माने जे एकत्र येतात त्यांना शब्द वेगळा, मिल्लत. दुसरा दाखला मदिनेच्या कराराचा, पैगंबरांनी तिथल्या ज्यूंशी करार केला त्यात सगळे मिळून एक समुदाय, ज्याचा त्याचा धर्म ज्याला त्याला, शत्रू आला तर सगळ्यांनी मिळून लढायचं. मदनी म्हणत होते की आम्हाला इथे हिंदूंबरोबर तसंच राहायचंय. मदिनेत बसून ज्याने हदीस शिकवली तो माणूस हे सांगत होता, त्यामुळे त्याला 'तुला इस्लाम काय कळतो' असं म्हणणं सोपं नव्हतं.

१९४० ला मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव झाला, मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांच्या मागणीचा, त्यानंतर ही लढाई गल्लीगल्लीत गेली. १९४२ ला सरकारने पुन्हा आत टाकलं, दोन वर्षं मुरादाबाद आणि नैनीच्या तुरुंगात. १९४५-४६ च्या निवडणुकीत पासष्टी ओलांडलेला हा माणूस रेल्वेच्या थर्ड क्लासने लीगच्या विरोधात फिरत होता, आणि स्टेशनांवर त्याला अडवलं जायचं, पगडी ओढली, अंगावर धावून गेले, आणि धावून जाणारे कोण तर मुसलमान तरुणच. देवबंदमध्येही फूट पडली, शब्बीर अहमद उस्मानींनी वेगळी जमियत काढून लीगला पाठिंबा दिला. जामियाच्या स्थापनेत महमूद हसन यांचं भाषण वाचून दाखवणारे ते हेच उस्मानी. म्हणजे एकाच गुरूचे दोन शिष्य दोन बाजूंना.

शेवटी फाळणी झालीच. हे हरले. आणि हरल्यावर त्यांनी केलं काय, तर सहारनपूर-देवबंदच्या घाबरलेल्या लोकांना गावोगाव जाऊन सांगितलं की घर सोडू नका, आणि स्वतः परत वर्गात जाऊन बसले. १९५४ ला पद्मभूषण जाहीर झालं, ते त्यांनी नम्रपणे घेतलं नाही असं सांगतात. ५ डिसेंबर १९५७ ला देवबंदलाच वारले.

---

मिरजोळी_ते_माजिवडा:

ताई तुम्ही राजकीय भांडण नको म्हणालात, करत नाही, पण दुसरी बाजू आली नाही तर तुमच्या लेकीला अर्धंच कळेल म्हणून लिहितोय. मी चिपळूणकडचा, ठाण्यात माजिवड्याला पंचवीस वर्षं, आणि मी हमीद दलवाईंच्या विचाराचा माणूस आहे. दलवाई आमच्याच मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तोंडी तलाक बंद करा आणि सगळ्यांना समान कायदा करा म्हणून. फक्त सात बायका! आणि १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. त्यांना विरोध कुणी केला तर बऱ्याच अंशी उलेमांनीच.

मदनींचा फाळणीला विरोध होता हे शंभर टक्के खरं आणि त्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याला माझा सलाम. पण त्यांच्या डोक्यातला भारत कसा होता तेही बघा. त्यांना हवा होता सैल संघराज्याचा देश, ज्यात मुसलमानांचे धार्मिक आणि कौटुंबिक व्यवहार मुसलमानांनी, म्हणजे शेवटी उलेमांनी, आपल्या काझींमार्फत चालवावेत. १९४५ ला जमियतने जी योजना मांडली तिच्यात केंद्राच्या सभेत हिंदू ४५, मुसलमान ४५ आणि बाकी अल्पसंख्य १० असं प्रमाण होतं. म्हणजे नागरिक म्हणून माणूस आणि माणूस असं नव्हतं ते, समाज आणि समाज यांचा करार होता. तो मदिनेचा करार मास्तर म्हणाले ना, अगदी तसाच. करारात समाजाचे पुढारी सही करतात, पण समाजाच्या आत जी बाई आहे तिला पुढाऱ्याविरुद्ध काही म्हणायचं असेल तर तिने कुठे जायचं? शाहबानोच्या (तलाक दिलेल्या बाईच्या पोटगीच्या) खटल्याच्या वेळी १९८५-८६ ला आपण ते पाहिलं. तोंडी तलाकविरुद्ध सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१७ उजाडलं.

माझी मोठी बहीण तोंडी तलाकने घरी आली होती, १९८१ साली, कडेवर दीड वर्षाची पोर. त्यामुळे हा माझ्यासाठी पुस्तकी मुद्दा नाही. वडील तिला घेऊन दोन मौलवींकडे गेले, दोघांनी तलाक झाला असंच सांगितलं, तिसऱ्याने निदान मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) मिळवून दिली. तो तिसरा बिचारा एका छोट्या मशिदीचा इमाम होता, त्याची आठवण बहीण अजून काढते.

---

कौसा_शिक्षिका:

भाऊ, तुमच्या बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. आमच्या शाळेत आईबरोबर येणाऱ्या अशा पोरी मी पाहिल्यात, त्यामुळे तुमच्या मुद्द्याला मी नाही म्हणणार नाही. बायकांचं ऐकून घ्यायला उलेमांनी फार उशीर केला आणि अजूनही पुरतं ऐकत नाहीत, हे मी मुसलमान बाई म्हणून लिहितेय.

फक्त एक भर घालते, कारण तीही त्याच काळातली आहे. १९३० च्या आसपास पंजाबात बायका नुसती नवऱ्यापासून सुटका मिळावी म्हणून धर्म सोडत होत्या, कारण हनफी कायद्यात बाईला सुटायला जवळपास वाटच नव्हती. तेव्हा देवबंदच्याच परंपरेतले अशरफ अली थानवी यांनी पुढाकार घेतला आणि दुसऱ्या मसलकचा, मालिकी, कायदा वापरून बाईला सुटकेची वाट काढून दिली. मग जमियतशी संबंधित काझमी नावाच्या सदस्यांनी केंद्रीय कायदेमंडळात बिल मांडलं आणि १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटाला देत नसेल, छळत असेल तर बायको कोर्टात जाऊन तलाक घेऊ शकते, तो कायदा आजही चालू आहे. म्हणजे उलेमांनी मनावर घेतलं तर वाट निघते, किताबातूनच निघते. म्हणून तर राग जास्त येतो की तोंडी तलाकच्या वेळी तेच त्यांनी का केलं नाही.

---

मिरजोळी_ते_माजिवडा:

१९३९ च्या कायद्यामागे थानवी होते हे मला माहीत नव्हतं. बहिणीने कोर्टात तोच कायदा वापरता आला असता का याची चौकशी केली होती पण तलाक आधीच देऊन झालेला. तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला पूर्ण पटलं.

---

नेरुळचा_मास्तर:

चिपळूणकर, तुमचा ४५-४५-१० चा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो सांगायला हवा होता, माझ्याकडून राहिला. माझं एवढंच म्हणणं की १९४५ ला मदनींसमोर दोन वाटा होत्या, एक देश तोडायची आणि एक करार करून एकत्र राहायची, आणि तिसरी वाट, जी आपल्या राज्यघटनेने १९५० ला दिली, एक माणूस एक मत, ती तेव्हा कुणाच्याही हातात नव्हती. ती आल्यावर त्यांनी ती मानली, जमियत निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाली आणि शिक्षण, मदतकार्य, धर्माचं काम याकडे वळली. कौटुंबिक कायद्याला मात्र हात लावू दिला नाही, ते तुमचं खरं.

---

खारेगावकर_ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाईही बसल्या होत्या ऐकत. माल्ट्यातल्या पाण्याच्या भांड्याशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या की हे मला यांनी सांगितलंय. त्यांच्या पोस्टात एक सॉर्टर होते भिवंडीचे, दोघं रात्रपाळीला एकत्र असायचे, ते या गोष्टी सांगायचे आणि बाबा घरी येऊन सांगायचे. ती उर्दू ओळ बहुतेक त्यांनीच लिहिलेली, ते आता हयात नाहीत. लेक वैदिक गणिताच्या क्लासला खरंच जायची पाचवी-सहावीत, शंकराचार्यांचं ऐकून तिने आधी विश्वासच ठेवला नाही.

चिपळूणच्या दादांची गोष्टही तिने ऐकली. त्यांच्या बहिणीबरोबर जी दीड वर्षाची मुलगी होती तिचं पुढे काय झालं असं ती विचारतेय, सांगायचं नसेल तर राहू दे.

आणि कौशाच्या ताई, ती उर्दू ओळ तुम्ही वाचून द्याल का? फोटो काढून पाहिला पण पेन्सिल पुसट झालीय, फोटोत काही दिसत नाही. अल्बमच घेऊन येईन म्हणते.

---

मिरजोळी_ते_माजिवडा:

ती भाची आता रत्नागिरीला नर्स आहे, सिनियर. तिची स्वतःची मुलगी तुमच्या लेकीएवढीच आहे.

---

कौसा_शिक्षिका:

या ना ताई, नक्की या, सासूबाईंनाही घेऊन या. शुक्रवार सोडून कुठलाही दिवस, माझी शाळा साडेबाराला सुटते. अल्बम प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून आणा, मुंब्र्याच्या रस्त्याला पाणी साचतं सध्या. पुसट पेन्सिलची उर्दू वाचायची सवय आहे मला, आजोबांच्या वह्या सगळ्या तशाच आहेत. आणि जेवूनच जायचं, एका ताटात नाही वाढणार, पण बोटी मी पुढे सरकवणार.